पाइपांना टॅग लावणारं स्क्रिप्ट: कुठे लावायचा नाही ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: नांदेडमधल्या एका सात मजली वसतिगृहाचं प्लंबिंगचं मॉडेल रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तुमच्याकडे आहे. डायनॅमोत, म्हणजे ठोकळे जोडून रेव्हिटची कामं आपोआप करून घेणाऱ्या साधनात, तुम्ही व्ह्यूमधले (एका ड्रॉइंगमध्ये दिसणारे) सगळे पाइप गोळा केले, ते 'टॅग बाय एलिमेंट' या नोडला (ठोकळ्याला) जोडले आणि ग्राफ, म्हणजे ठोकळ्यांची ती जोडणी, चालवला. टॅग, म्हणजे पाइपाची माहिती दाखवणाऱ्या चिठ्ठ्या, लागले, पण एकमेकांवर चढले, वीतभर तुकड्यांनाही लागले आणि उभ्या पाइपांचे टॅग प्लॅनमध्ये टॉयलेटच्या आकृतीवर जाऊन बसले. मग तोच ग्राफ दुसऱ्या मजल्यावर चालवला, तर पहिल्या मजल्यावरचे टॅग गायब झाले. शेवटी तुम्ही विचारलंत, की हे नीट जमायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावीच लागेल का?

टॅग गायब होण्याचं कारण अगदी ठरावीक आहे आणि त्यावर उपाय आहे, तो खाली सांगते. पायथनचंही सांगते. पण तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. सरसकट सगळ्या पाइपांना टॅग लावायचा असेल तर डायनॅमोची गरजच नाही. रेव्हिटमध्ये 'टॅग ऑल' ही आज्ञा पहिल्यापासून आहे, ती हेच काम दोन क्लिकमध्ये करते आणि असाच पसारा घालते. तुमच्या ग्राफने तिचंच काम पुन्हा केलं आहे. स्क्रिप्ट लिहायचं ते निवड करण्यासाठी. कोणत्या पाइपाला टॅग नको, आणि ज्याला हवा त्याला नेमका कुठे, हे दोन निर्णय तुमच्या ग्राफमध्ये अजून आलेलेच नाहीत.

मी छत्रपती संभाजीनगरात बांधकामाच्या पाणी आणि ड्रेनेजच्या ड्रॉइंगचं काम चौदा वर्षं करते आहे. सुरुवातीला ऑटोकॅडमध्ये प्रत्येक पाइपाशेजारी आकडा हाताने टाइप करायचो. त्यात वेळ जायचा, पण एक गोष्ट आपोआप व्हायची: टाइप करणारा माणूस प्रत्येक आकड्याआधी क्षणभर विचार करायचा, की हा इथे लागणार आहे का? तो विचार आता स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावा लागतो.

त्याला इतकं महत्त्व का देते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या कामात शाफ्टजवळ, म्हणजे उभे पाइप जाणाऱ्या पोकळीजवळ, पाच पाइप शेजारीशेजारी होते. माझ्या ड्रॉइंगमध्ये त्यांचे टॅग एकमेकांवर आले होते आणि घाईत मी तशीच प्रिंट साइटवर पाठवली. प्लंबरने अंदाजाने फ्लशची लाइन हात धुण्याच्या बेसिनला जोडली. प्रेशर टेस्टच्या वेळी ते लक्षात आलं म्हणून निभावलं. त्याच्याशी बोलायला गेले तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, ह्यातली फ्लशची कोणती अन् पिण्याची कोणती, ते कागदावर कुठं दिसतंय?" तो बरोबर होता. कागदावर दिसतच नव्हतं.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे, कारण आपल्या इमारतींत पाण्याचे स्रोतच अनेक असतात. महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकरचं पाणी, आणि मोठ्या इमारतीत सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरलेलं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तो उन्हाळा पाहिल्यानंतर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच कामांत मालकांनी स्वतःहून वेगळी टाकी, वेगळी लाइन मागितली. म्हणजे एकाच कॉरिडॉरच्या छताखाली २५ मिलिमीटरच्या तीन लाइनी सहज असतात, तिन्हींची जाडी एकच आणि पाणी वेगळं. अशा ठिकाणी नुसता व्यास दाखवणारा टॅग निरुपयोगी. तुमच्या टॅग फॅमिलीत (टॅगच्या साच्यात) सिस्टिमचं, म्हणजे लाइनीत कोणतं पाणी आहे त्याचं, संक्षिप्त नाव आधी आणि व्यास नंतर असू द्या. ते नसेल तर स्क्रिप्टकडे वळण्याआधी फॅमिली दुरुस्त करा, आणि 'लोडेड टॅग्ज अँड सिम्बॉल्स'च्या खिडकीत पाइपांसाठी तीच फॅमिली निवडलेली आहे ना, ते पाहा. 'टॅग बाय एलिमेंट' तिथे नेमलेलीच फॅमिली उचलतो.

व्यासाबद्दल एक सावधगिरी. साइटवरची माणसं पाऊण इंची, एक इंची, सव्वा इंची असं बोलतात. २० मिलिमीटरचा सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा) पाइप म्हणजे त्यांचा पाऊण इंची, पण त्याचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो. टॅगमध्ये चुकून बाहेरच्या व्यासाचा पॅरामीटर जोडला गेला, तर कागदावर २२ येतं आणि खरेदीवाला गोंधळतो. नॉमिनल, म्हणजे ज्या नावाने पाइप विकला जातो तो २० चा व्यासच दाखवा.

आता निवडीकडे येते. पुढे दिलेले आकडे माझ्या सवयीचे आहेत. ड्रॉइंगचं स्केल, टॅगमधला मजकूर आणि ते कोणासाठी काढलंय यावर ते बदलतील. मंजुरीसाठी जाणाऱ्या ड्रॉइंगला मोजके टॅग पुरतात. साइटवर जाणाऱ्याला जास्त लागतात. पण आकड्यांमागचं कारण सगळीकडे तेच राहतं.

पहिली चाळणी उभ्या पाइपांची. पाइपाची मधली रेषा घ्या, तिच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक काढा आणि त्याला पाइपाच्या लांबीने भागा. आडव्या पाइपाचं उत्तर शून्य येतं, अगदी उभ्याचं १. ड्रेनेजला ढाळ असतो म्हणून तिथे नेमकं शून्य येत नाही. १:१०० ढाळाला साधारण ०.०१ येतं आणि १:६० ला ०.०१७ च्या आसपास. म्हणून 'उंचीत फरक असेल तर पाइप उभा' असा नियम कधीच लावू नका, सगळ्या ड्रेनेजच्या लाइनी त्यात वाहून जातील. मी ०.९ ही सीमा धरते. त्यापेक्षा जास्त ते उभे. ते वेगळ्या यादीत जातात आणि त्यांना स्वतंत्र नियमाने, लीडरसह (टॅगपासून पाइपापर्यंतच्या रेघेसह) आणि शाफ्टच्या बाहेर टॅग मिळतो.

दुसरी चाळणी लांबीची. इथे बहुतेक जण '५०० मिलिमीटरपेक्षा लहान पाइप सोडा' असा आकडा अंदाजाने ठरवतात. अंदाजाची गरज नाही. टॅगचं अक्षर कागदावर मोजलं जातं आणि पाइप मॉडेलमध्ये. तुमचा टॅग कागदावर १२ मिलिमीटर रुंद असेल, तर १:१०० च्या ड्रॉइंगमध्ये तो मॉडेलची १,२०० मिलिमीटर जागा खातो आणि १:५० मध्ये ६०० मिलिमीटर. पाइप त्याहून आखूड असेल तर टॅग त्याच्यावर मावणारच नाही, दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबेल. म्हणून सीमा अशी: टॅगची कागदावरची रुंदी गुणिले व्ह्यूचं स्केल. हे स्केल व्ह्यूमधूनच वाचून घ्या. मग टॉयलेटच्या मोठ्या तपशिलाला आणि पूर्ण मजल्याच्या प्लॅनला एकच ग्राफ चालतो.

पण लांबीची चाळणी नुसती लावली तर ती फसवते. तुमच्या वसतिगृहात कॉरिडॉरमधून वीस मीटरची लाइन जात असेल आणि दर दोन मीटरवर एका खोलीसाठी टी (फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड) असेल, तर रेव्हिटच्या दृष्टीने ती एक लाइन नाही, ते दहा-अकरा वेगळे पाइप आहेत. प्रत्येक दोन मीटरचा, म्हणजे प्रत्येकजण चाळणीतून पार होणार, आणि एकाच सरळ लाइनीवर एकच मजकूर दहा वेळा येणार. वाचणाऱ्याला वाटतं, दर टीनंतर काहीतरी बदलतंय. आणि उलटही होतं: लांब लाइन जवळजवळच्या टींनी इतकी चिरली जाते, की तिचा एकही तुकडा चाळणीत टिकत नाही आणि मुख्य लाइनच बिनटॅगची राहते. म्हणून लांबी मोजण्याआधी तुकडे जोडायचे.

जोडणी मी अशी करते. प्रत्येक पाइपाला एक ओळख देते: सिस्टिमचं नाव, व्यास, प्लॅनमधली दिशा आणि मूळ बिंदूपासून त्या रेषेचं लंब अंतर. दिशा आणि अंतर थोडं गोलाकार करून घ्यायचं, अंतर मी जवळच्या १० मिलिमीटरला नेते. ज्या पाइपांची ओळख जुळते ते एका सरळ रेषेत आहेत. 'लिस्ट ग्रुप बाय की' या नोडने त्यांचे गट पडतात. एकाच गटात इमारतीच्या दोन टोकांना असलेली दोन वेगळी टॉयलेटंही येऊ शकतात, कारण ती योगायोगाने एका रेषेत असतात. म्हणून गटातले तुकडे रेषेवर क्रमाने लावा आणि दोन तुकड्यांमधलं अंतर एका फिटिंगच्या मापापेक्षा बरंच जास्त असेल तिथे गट तोडा. मी ५०० मिलिमीटर धरते. व्यास ओळखीतच असल्याने ४० चा पाइप टीनंतर ३२ झाला की आपोआप नवा गट पडतो आणि नवा टॅग लागतो. प्लंबरला कागदावर नेमकं हेच हवं असतं, व्यास कुठे बदलतो.

आता एकूण लांबी गटाची मोजा, आणि टॅग गटातल्या सगळ्यात लांब तुकड्याला लावा. फार लांब गट असेल, समजा कागदावर २०० मिलिमीटरहून जास्त, तर दोन टॅग द्या. या एका पायरीनेच तुमच्या ड्रॉइंगवरची गर्दी किती ओसरते ते तुम्हाला लगेच दिसेल.

जागेचा प्रश्न उरला. पाइपाचा मध्यबिंदू काढायचा आणि तिथून टॅग थोडा बाजूला सरकवायचा, एवढं सरळ वाटतं. त्यात दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडले आहे.

पहिला मापाचा. डायनॅमोचे नेहमीचे नोड प्रोजेक्टच्या एककात बोलतात, मिलिमीटर ठेवले असतील तर मिलिमीटरमध्ये. पण पायथनमधून रेव्हिटशी थेट बोललात तर तो सगळं फुटांत समजतो, प्रोजेक्टचं एकक काहीही असो. ३०० लिहिलं तर टॅग ३०० फूट लांब, गावाबाहेर जातो, आणि तुम्हाला वाटतं लागलाच नाही. तिथे ३०४.८ ने भागायचं. अंतर कागदावरून ठरवा: मला पाइपापासून टॅग कागदावर ३ मिलिमीटर दूर हवा असतो, म्हणजे १:१०० ला ३०० आणि १:५० ला १५०.

दुसरा बाजूचा. पाइपाला लंब दिशा काढताना आपण त्याची सुरुवात आणि शेवट वापरतो. पण मॉडेल करणाऱ्याने पाइप डावीकडून उजवीकडे ओढला होता की उलटा, त्यावर ती लंब दिशा वर येते की खाली हे ठरतं. परिणामी शेजारच्या दोन पाइपांपैकी एकाचा टॅग वर आणि दुसऱ्याचा खाली, आणि कारण सापडता सापडत नाही. उपाय सोपा आहे: पाइपाची दिशा डावीकडे जात असेल तर आधी उलटी करून घ्या. प्लॅनच्या कागदावर वरखाली दिसणाऱ्या आडव्या पाइपांसाठी खालून वर ही दिशा पक्की करा. मग सगळे टॅग एकाच बाजूला पडतात. टॅग पाइपाच्या दिशेने वळावा असं हवं असेल, तर फॅमिलीत 'रोटेट विथ कम्पोनंट' ही खूण लावा, तेवढ्यासाठी स्क्रिप्टमध्ये कोन मोजत बसू नका.

टॅग एकमेकांवर चढू नयेत म्हणून मी प्रत्येक गटाला सहा उमेदवार जागा देते: लाइनीच्या मध्यावर, पाव अंतरावर, पाऊण अंतरावर, आणि प्रत्येकी वरची व खालची बाजू. मोठ्या व्यासाच्या लाइनी आधी, कारण चांगली जागा मुख्य लाइनीला मिळायला हवी. प्रत्येक टॅगची चौकट आधी बसलेल्या टॅगांच्या चौकटींशी ताडायची, आदळली तर पुढची जागा. सहाही जागा भरल्या असतील तर तो टॅग लावायचाच नाही, त्या पाइपाचा क्रमांक वेगळ्या यादीत टाकायचा आणि नंतर हाताने पाहायचं. स्क्रिप्टने जबरदस्तीने कुठेतरी लावलेला टॅग शोधत बसण्यापेक्षा न लागलेल्यांची यादी हातात असलेली बरी. एक बारकावा: रेव्हिट देतो त्या चौकटीत लीडरही धरलेला असतो, म्हणून मोजताना लीडर बंद ठेवा. आणि टॅग तयार केल्या केल्या त्याची चौकट हवी असेल तर आधी मॉडेल रिजनरेट (ताजं) करावं लागतं, नाहीतर काहीच हाती येत नाही.

कॉरिडॉरमधल्या समांतर लाइनींसाठी एवढ्याने भागणार नाही. तिथे टॅगांची एक रचून ठेवलेली उतरंड करते: लाइनी लंब दिशेने क्रमाने लावायच्या आणि टॅगही त्याच क्रमाने एकाखाली एक ठेवायचे, म्हणजे लीडर एकमेकांना छेदत नाहीत. रेव्हिट २०२२ पासून एका टॅगला अनेक पाइप जोडता येतात, पण त्यांची माहिती वेगवेगळी असेल तर टॅगमध्ये त्या माहितीऐवजी 'व्हेरीज' येतं. तुमच्या तीन लाइनींत पाणीच वेगवेगळं असणार, म्हणून तो मार्ग तुमच्या उपयोगाचा नाही.

आता गायब झालेले टॅग. डायनॅमोचे नोड आपण तयार केलेल्या वस्तू लक्षात ठेवतात. ग्राफ पुन्हा चालवला की नव्या वस्तू न करता जुन्याच सुधारायच्या, असा त्यामागचा हेतू आहे. तुम्ही पहिल्या मजल्यावर चालवलंत, मग दुसऱ्या मजल्याचा व्ह्यू उघडून तोच ग्राफ पुन्हा चालवलात. नोडला वाटलं, माझ्या टॅगांची जागा बदलली. त्याने जुने काढले आणि नवे लावले. ही आठवण ग्राफ सेव्ह केला की फाइलमध्येही जाते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उघडलं तरी तेच होतं.

यातून सुटायचे दोन रस्ते मी वापरते. पहिला, सातही मजल्यांचे व्ह्यू यादीत देऊन एकाच रनमध्ये सगळे टॅग लावायचे. छोट्या कामाला हे पुरतं. दुसरा, टॅग तयार करण्याची एवढी एक पायरी पायथन नोडमध्ये न्यायची. पायथनमधून केलेले टॅग डायनॅमो असे धरून ठेवत नाही. मात्र मग दुसऱ्यांदा चालवलं की प्रत्येक पाइपाला दुसरा टॅग लागेल, म्हणून सुरुवातीलाच त्या व्ह्यूमधले असलेले टॅग गोळा करा आणि ज्या गटातल्या एकाही पाइपाला टॅग आहे तो गट सोडून द्या. हा दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण कुणी हाताने सरकवून नीट लावलेला टॅग स्क्रिप्ट पुन्हा हलवत नाही. व्यास बदलला तरी काळजी नाही, टॅग पाइपाकडूनच वाचतो आणि आकडा आपोआप बदलतो.

म्हणून पायथनचं उत्तर: निवडीपर्यंतचं, म्हणजे चाळण्या आणि गट पाडणं, हे नोडनेच करा. डोळ्यांसमोर प्रत्येक पायरीची यादी दिसते, चूक लवकर सापडते आणि तुमच्या जागी उद्या दुसरं कुणी आलं तरी त्याला वाचता येतं. टॅग तयार करणं आणि चौकटी ताडणं यासाठी पायथन लागेल, पण ते पन्नास-साठ ओळींचं काम आहे. जुन्या ठिकाणाहून उचललेलं स्क्रिप्ट वापरणार असाल तर रेव्हिटची आवृत्ती पाहा. एककांबद्दलच्या आणि टॅगाचा पाइप शोधण्याच्या आज्ञा २०२२ च्या सुमारास बदलल्या आहेत.

चालवण्याआधी रन मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे तुम्ही सांगाल तेव्हाच ग्राफ चालेल. मॉडेल अनेकांचं सामायिक असेल तर आधी सिंक करा, म्हणजे मुख्य फाइलशी जुळवून घ्या. पाइप लिंक केलेल्या फाइलमध्ये असतील तर वरची पद्धत तशीच चालणार नाही, त्याला संदर्भ वेगळा तयार करावा लागतो. तसं असेल तर सांगा, वेगळं लिहीन.

सुरुवात सोप्या मजल्याने करू नका. जिथे सगळ्यात जास्त गर्दी आहे तो घ्या, वसतिगृहात बहुतेक तळमजला किंवा गच्चीवरच्या टाक्यांचा प्लॅन. स्क्रिप्ट चालवा, न लागलेल्यांची यादी हाताने संपवा आणि खऱ्या स्केलला प्रिंट काढा. ती साइटवरच्या प्लंबरच्या हातात द्या आणि त्याला सांगा, दादा, फ्लशची लाइन टाकीपासून शेवटच्या खोलीपर्यंत बोटाने दाखवा. त्याचं बोट जिथे अडेल, ती जागा स्क्रिप्टमध्ये दुरुस्त करा आणि मग उरलेले मजले चालवा.